मागच्या सीटचा मान : मलकपेठ, मोटारी आणि न लावलेला पट्टा

चादरघाटचा पूल ओलांडून मलकपेठेत शिरणारा रस्ता नलगोंडा चौरस्ता, दिलसुखनगर, एल. बी. नगर करत सरळ विजयवाड्याकडे जातो. उलट्या दिशेने निघालात तर तोच रस्ता जहीराबाद, हुमनाबाद, सोलापूर करत पुण्याला. पूर्वी त्याला नऊ नंबरचा हायवे म्हणायचे, आता पासष्ट नंबरचा म्हणतात. १९५६ मध्ये हैदराबाद संस्थानाचे तीन तुकडे झाले, मराठवाडा तिकडे गेला आणि आपली बरीच घरं इकडेच राहिली. तेव्हापासून लग्न, मुंज, बारावं, शेतीची वाटणी, काहीही निघालं की गाडीत बसायचं आणि निघायचं. मलकपेठेतल्या मराठी घरांचं अर्धं आयुष्य या ना त्या रस्त्यावर गेलंय असं म्हटलं तरी चालेल.

मध्यंतरी काकांची जुनी फियाट धुवायला काढली होती. पुण्याहून आलेल्या भाचीने आत बसून इकडेतिकडे चाचपलं आणि विचारलं, "आत्या, हिच्यात सीटबेल्ट कुठंय?" नाहीच आहे म्हटल्यावर तिचा पुढचा प्रश्न, "मग ही गाडी बेकायदेशीर आहे का?" नाही, बेकायदेशीर नाही. का नाही, याचं उत्तर द्यायला मात्र बरंच मागे जावं लागतं. ते तिला तोंडी सांगितलं तेवढं सांगितलं, बाकीचं इथे लिहितेय. कारण यात आपल्या बसण्या-उठण्याचा इतिहास आहे, तो कुणी लिहून ठेवत नाही.

मलकपेठ हे नाव अब्दुल्ला कुतुबशहाच्या मलिक याकूब नावाच्या सेवकावरून पडलं. इथे घोड्यांची शर्यत आली १८८६ मध्ये, सहाव्या निजामाच्या काळात. मेहबूब मॅन्शन, गंज, रेसकोर्स, रेल्वे स्टेशन, एवढ्या खुणांवर आमच्या लहानपणचं मलकपेठ उभं होतं. मोटारी असायच्या त्या रेसच्या दिवशी. एरवी सायकली, सायकलरिक्षा, नंतर स्कूटर. सामान्य माणसाची गाडी म्हणजे बस. निजामाच्या रेल्वेने १९३२ मध्ये रस्ता वाहतूक खातं काढलं, २७ बसगाड्या आणि १६६ माणसं घेऊन. त्या बसच्या नंबरात 'झेड' हे अक्षर असतं ते शेवटच्या निजामाच्या आईच्या, जहरा बेगमच्या, नावावरून, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. आपल्या आजोबांची पिढी वाहनात बसायला शिकली ती या बसमध्ये. बसमध्ये शिकलेली गोष्ट एकच : जागा मिळाली की सरकून दुसऱ्याला द्यायची. बांधून घेणं हा प्रकार त्या शिक्षणात नव्हता.

साठ-सत्तरच्या दशकात ज्यांच्या घरी मोटार आली त्यांच्या घरी ती दोनांपैकी एक असायची. बंगालमधल्या उत्तरपाड्याला तयार होणारी अँबेसेडर, नाहीतर मुंबईच्या कुर्ल्याला तयार होणारी फियाट. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड क्वचित दिसायची. फियाट बनवणारी प्रीमियर कंपनी १९४४ मध्ये काढली वालचंद हिराचंद यांनी. ते सोलापूरचे, म्हणजे आपल्याच नऊ नंबरच्या रस्त्यावरचे! या गाड्यांची पुढची सीट म्हणजे एक सलग बाक. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे मधली जागा मोकळी. पुढे तिघं, मागे चौघं, आणि मांडीवरची पोरं मोजायची नाहीत. आमच्या काकांच्या फियाटमध्ये एकदा परभणीहून येताना अकरा जण होतो, वर ज्वारीचं पोतं. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. उलट गाडी 'भरून' आली याचं कौतुक. अशा बाकावर पट्टा बसवायचा म्हटला तरी कुणाला बांधणार आणि कुणाला सोडणार?

तर तिकडे जगात काय चाललं होतं? निल्स बोहलिन नावाचा स्वीडिश इंजिनिअर आधी साब कंपनीत विमानाच्या वैमानिकाला संकटात बाहेर फेकणाऱ्या खुर्च्यांवर काम करायचा. तो व्होल्व्होत आला आणि १९५९ मध्ये त्याने आज आपण ओळखतो तो तीन टोकांचा पट्टा गाडीत बसवला. एक पट्टी कमरेच्या हाडांवरून, एक छातीवरून तिरकी, आणि दोन्ही एकाच बकलमध्ये, म्हणजे एका हाताने लावता येतो. त्याआधीचे पट्टे नुसते पोटावरून जायचे, आणि धडकेत आतड्यांना इजा करायचे. व्होल्व्होने या शोधाचं पेटंट घेतलं, पण इतर कंपन्यांना वापरायला मोकळं ठेवलं. १९६८ पासून अमेरिकेत नव्या गाड्यांत पट्टे सक्तीचे झाले. १९७० च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने ते लावणंही सक्तीचं केलं. ब्रिटनमध्ये पुढच्या सीटवरच्यांना ही सक्ती झाली जानेवारी १९८३ मध्ये. योगायोग बघा, त्याच वर्षीच्या डिसेंबरात पहिल्या मारुतीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि आपल्याकडे मध्यमवर्गाच्या दारात मोटार यायला सुरुवात झाली.

म्हणजे शोध लागून चोवीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं आपल्या गाड्यांना पट्टा का नव्हता, याला काही गूढ कारण नाही. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागायचं. जी मिळेल ती घ्यायची. दोन-तीन कंपन्या, बाहेरून गाडी आणायला बंदी, गिऱ्हाईक हात जोडून उभं. अशा बाजारात कोण कंपनीला विचारणार की हिच्यात अमुक का नाही? आणि तेव्हा लागू असलेला १९३९ चा मोटार कायदा पट्ट्याबद्दल बोलत नव्हता. मागणारा नाही, सांगणारा नाही, मग देणारा कशाला देईल!

नवा मोटार वाहन कायदा १९८८ चा, आणि त्याखालची केंद्राची नियमावली १९८९ ची. तिच्यात १९९३ मध्ये दुरुस्ती झाली आणि कंपन्यांना एक वर्षाची मुदत मिळाली. मार्च १९९४ पासून तयार होणाऱ्या गाड्यांत चालकाला आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्याला पट्टा देणं सक्तीचं झालं. आता यातले शब्द नीट वाचा. 'तयार होणाऱ्या' गाड्या. आधीच रस्त्यावर असलेल्या गाडीला पट्टा बसवून घ्या, असं त्यात म्हटलेलं नाही. आणि पट्टा लावण्याची सक्तीही ज्या गाडीत नियमाप्रमाणे पट्टा दिलेला आहे तिच्यापुरतीच. म्हणून काकांची फियाट पट्ट्याविना असूनही कायद्याला धरून आहे. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर इथे संपतं.

पण मला जे सांगायचंय ते इथून सुरू होतं. मागच्या सीटवरच्यांना पट्टा देण्याचा नियम यायला २००२ उजाडलं. मधली आठ वर्षं! या आठ वर्षांत मारुती, झेन, सँट्रो, इंडिका अशा कितीतरी गाड्या आपल्या घरांत आल्या. आपण पहिल्यांदा पट्टा बघितला तो चालकाच्या अंगावर. म्हणजे ज्याच्या हातात स्टिअरिंग त्याने लावायची वस्तू, जशी शोफरची टोपी. मागे बसणाऱ्याच्या वाट्याला तो आला तेव्हा आपली समजूत पक्की होऊन गेली होती : पट्टा पुढच्यांना, मागे बसणाऱ्याला नाही. आजही टॅक्सीवाल्याला मागचा पट्टा विचारला तर तो गोड आवाजात म्हणतो, "पीछे नक्को अम्मा, पीछे कू चालान नै होता." चालान होतं की नाही हा एकच हिशेब.

शिवाय आपल्याकडे मागची सीट ही मानाची. अँबेसेडर म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सीटवर पांढरा टॉवेल, मागे डाव्या बाजूला बसलेले साहेब, पुढे ड्रायव्हर आणि शिपाई. कलेक्टर असाच बसायचा, मंत्री असाच बसायचा, आणि नवरदेवही असाच बसतो. घरातही वडीलधाऱ्यांना "तुम्ही मागं बसा आरामात" म्हणतो आपण. आराम आणि मान ज्या जागेला दिला तिथे माणसाला बांधून ठेवायचं कसं? माझ्या आजेसासूबाई म्हणायच्या, "मला काय गाठोडं समजलात का रे, बांधून न्यायला!" त्यांचा मुद्दा विनोदाचा नव्हता. बांधणं हा आपल्या भाषेत अपमानाचा शब्द आहे. गुराला दावं बांधतात, चोराला बांधतात.

बायकांची अडचण वेगळी, ती कुणी विचारत नाही म्हणून लिहिते. नऊवारी किंवा काठापदराची साडी नेसून, निऱ्या पोटावर, पदर पिन केलेला, गळ्यात मंगळसूत्र आणि चार पदरांची माळ, केसांत गजरा, अशी बाई लग्नाला निघाली की पट्टा छातीवरून घेणं तिला जड जातंच. त्यावर उपाय एवढाच की खालची पट्टी निऱ्यांच्या वर न घेता खाली, कमरेच्या हाडांवर घ्यायची आणि वरची खांदा व गळा यांच्या मधोमध. पोटावर घेतली की टोचते, आणि धडकेत घातकही तीच. गरोदर बाईनेही पट्टी पोटाच्या खालीच घ्यायची असते. पट्टा लावायचाच नाही, असा काही वैद्यकीय नियम नाही, जरी प्रत्येक घरात एक तरी काकू तसं सांगत असते.

आता गाडीत पट्टा आहे पण चालत नाही, त्याची गोष्ट. पट्ट्याच्या खोक्यात एक स्प्रिंग असते आणि एक झटक्याला अडकणारी कळ. हळू ओढलात तर पट्टा निघत येतो, हिसका दिलात तर जागेवर गच्च होतो. तो वर्षानुवर्षं ओढलाच नाही तर धूळ, तेल आणि घामाने पट्टी चिकट होते, स्प्रिंगचा जोर जातो, आणि मग तो आत जात नाही की बाहेर येत नाही. न वापरल्याने बिघडतो आणि बिघडला म्हणून वापरत नाहीत. पुतलीबावली-जामबागेकडे, आपल्या विवेकवर्धिनीच्याच परिसरात, सुट्या भागांची दुकानं आहेत. तिथे जुन्या गाडीचा काढलेला पट्टा स्वस्तात मिळतो. तो घेऊ नये, कारण धडकेत एकदा ताणला गेलेला पट्टा पुन्हा तसा धरत नाही आणि बाहेरून बघून ते कळत नाही. जुन्या फियाटला नवा पट्टा बसवायचा तर नुसता सीटला स्क्रू मारून उपयोग नाही. गाडीच्या सांगाड्यात मजबूत जागा लागते, नाहीतर पट्ट्यासकट माणूस पुढे येतो.

पण बहुतेक गाड्यांत पट्टा बिघडलेला नसतोच. तो सीटकव्हरखाली असतो. नवी गाडी आली की पूजा, लिंबू, नारळ, आणि चौथ्या दिवशी सीटकव्हर. कव्हर घालणारा पोरगा मागची बकलं सीटच्या फटीत दाबतो आणि वरून रेक्झिन ताणतो. मालकाला गाडी छान दिसते. ती बकलं परत कधी उजेड बघत नाहीत.

आमच्या घरात हे २००६ मध्ये भोगलं. लातूरला लग्नाला निघालो होतो, भाड्याची गाडी होती, जवळजवळ नवी. हुमनाबादच्या अलीकडे पहाटे रस्त्यावर दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर उभा होता. चालकाने ब्रेक मारला, गाडी घासत गेली, टक्कर काही मोठी झाली नाही. पुढे बसलेले दोघं पट्ट्यात होते, त्यांना खरचटलंही नाही. मागे मधोमध बसलेली मावशी दोन सीटांमधून पुढे फेकली गेली. गळ्याचं हाड आणि उजवा खांदा मोडला. ती जगली, नंतर चौदा वर्षं जगली, पण उजवा हात डोक्याच्या वर कधी गेला नाही. वेणी दुसऱ्याने घालायची. जी बाई आम्हा सात बहिणींच्या वेण्या पहाटे उठून घालायची, तिची. नंतर मामा गाडी बघायला गेले तेव्हा त्यांनी कव्हर फाडून बघितलं. तिन्ही पट्टे खाली होते, कंपनीतून आले तसे.

टक्कर मोठी नव्हती असं मी म्हटलं, पण त्याचा हिशेब करून बघा. गाडी ५० च्या वेगात असेल आणि जागच्या जागी थांबली, तर आत न बांधलेला माणूस तिसऱ्या मजल्यावरून पडावा तसा आदळतो. ११० च्या वेगात हाच हिशेब साधारण चारमिनारच्या मनोऱ्याच्या उंचीवर जातो. आऊटर रिंग रोडवर आपण याच वेगाने जातो आणि मागच्या सीटवर आजी नातवाला मांडीवर घेऊन बसलेली असते. आजी कितीही घट्ट धरो, त्या क्षणी पोराचं वजन तिच्या हातांना पेलण्यासारखं राहत नाही. शिवाय मागून उडालेला माणूस पुढच्या बांधलेल्या माणसावर जाऊन पडतो. म्हणजे मागच्याने पट्टा लावणं ही पुढच्याचीही गरज.

मराठवाड्याच्या माणसाला हे सगळं एकदा फार जवळून कळलं होतं. ३ जून २०१४, सकाळी साडेसहाच्या सुमाराला. गोपीनाथ मुंडे दिल्लीत सरकारी मारुती एसएक्स-फोरच्या मागच्या सीटवर बसून विमानतळाकडे निघाले होते. केंद्रात मंत्री होऊन आठवडा झाला होता आणि बीडला सत्काराची सभा होती. चौकात एका इंडिकाने धडक दिली. गाडी काही चेपून गेली नव्हती, फोटो आठवत असतील. मानेच्या मणक्याला आणि यकृताला मार बसला आणि ते गेले. पट्टा लावलेला नव्हता. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन, जे स्वतः डॉक्टर, त्यांनी जाहीरपणे सांगितलं की मागचा पट्टा नुसता शोभेचा असतो या गैरसमजाने आपला मित्र गेला. बाजूने बसलेल्या धडकेत पट्टा किती वाचवतो यावर वाद घालता येईल, समोरच्या धडकेइतका नाही हे खरं. पण परळीच्या नाथ्र्याचा हा माणूस, ज्याच्यासाठी आमच्या मलकपेठेतल्या घरातसुद्धा त्या दिवशी दुपारचं ताट तसंच राहिलं, तो रोज बसायच्या जागी, रोजच्यासारखा बसला होता. मानाच्या जागी.

आणि इकडे आमच्या रस्त्यावर? नलगोंडा चौरस्त्यावरून जो रस्ता पुढे नलगोंड्याकडे जातो, त्याच जिल्ह्यात अन्नेपर्तीजवळ २९ ऑगस्ट २०१८ च्या पहाटे नंदमुरी हरिकृष्णांची गाडी उलटली. एन. टी. रामारावांचे हे चिरंजीव. १९८२-८३ च्या प्रचारात रामाराव ज्या 'चैतन्य रथा'वरून आंध्रभर फिरले, त्या शेवरोलेटचं स्टिअरिंग हरिकृष्णांच्या हाती होतं. हजारो मैल चालवलेला माणूस. त्या दिवशीही स्वतःच चालवत होते, नेल्लोरला लग्नाला निघाले होते. पट्टा लावलेला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं, ते गाडीबाहेर फेकले गेले. चारच वर्षांपूर्वी, डिसेंबर २०१४ मध्ये, त्यांचा मुलगा जानकीराम त्याच भागात रस्त्यावर गेला होता. "मला चालवता येतं, मला कशाला पट्टा" म्हणणाऱ्या आपल्या सगळ्या भावजींना आणि दाजींना हे उदाहरण मी सांगते. ते ऐकून घेतात आणि विषय बदलतात.

सायरस मिस्त्रींचं सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. ४ सप्टेंबर २०२२, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीचा पूल. भारी जर्मन गाडी. पुढचे दोघं वाचले, मागचे दोघं गेले, आणि मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. त्यानंतर नितीन गडकरींनी मागच्या सीटच्या पट्ट्याचा विषय लावून धरला. मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना पट्टा सक्तीचा असं जाहीर केलं. तेव्हा काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांची जी धावपळ झाली ती बघण्यासारखी होती, कारण निम्म्यांचे मागचे पट्टे कव्हरखाली, काहींचे गायबच. वर्षभरात, ऑक्टोबर २०२३ अखेर, शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या. म्हणजे कुर्ल्याच्या त्या फियाटचा शेवट आणि मागच्या पट्ट्याची पहिली खरी चर्चा एकाच वर्षाच्या अंतरात.

आपल्या हुशारीची एक गोष्ट राहिली. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्यांनी पट्टा लावला नाही तर टुंग-टुंग वाजणं सक्तीचं झालं. मग बाजारात एक लोखंडी जीभ आली, नुसती बकलात खुपसायची. पट्टा मोकळा, आवाज बंद. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन दुकानांना ती काढायला लावली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त जाहिराती निघाल्या. काही विक्रेते ती बाटली उघडायचं साधन म्हणून विकत होते! जी वस्तू आपला जीव वाचवायला सांगते तिचं तोंड बंद करायला आपण पैसे देऊन दुसरी वस्तू घेतली. हवेची पिशवीही पट्ट्याच्या जोडीने काम करेल अशीच बनवलेली असते. पट्टा नसेल तर माणूस पिशवी पूर्ण फुगायच्या आधीच तिच्यावर जाऊन आदळतो.

दंडाचं म्हणाल तर २०१९ च्या नव्या कायद्याने तो १००० रुपये केला, पण वाढीव दंड आपण लागू करणार नाही असं तेलंगणा सरकारने तेव्हाच जाहीर केलं. मला दंडाच्या मार्गाने फार काही होईल असं वाटत नाही. दंड रस्त्याच्या ज्या कोपऱ्यावर पोलीस उभा असतो तिथे चालतो. चादरघाटच्या सिग्नलला पट्टा छातीवरून नुसता धरून ठेवणारे आणि पुढे गेल्यावर सोडून देणारे मी रोज बघते.

केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचा २०२२ चा आकडा देते. पट्टा न लावलेले १६,७१५ लोक त्या एका वर्षात गेले. त्यातले ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी. जवळजवळ निम्मे-निम्मे. प्रवासी म्हणजे ज्यांच्या हातात स्टिअरिंग नव्हतं, ज्यांना कुणीतरी "आरामात बसा" म्हटलं होतं.

आमच्याकडे आता लांबचा प्रवास असला की आदल्या संध्याकाळी गाडीच्या मागच्या सीटवर बसून तिन्ही पट्टे हिसका देऊन बघतात, हवा-पाणी बघतात तसंच. मधल्या जागेला काही गाड्यांत नुसता पोटावरचा पट्टा असतो. तिथे घरातल्या धडधाकट माणसाने बसावं, म्हाताऱ्यांना कडेला तीन टोकांचा द्यावा. भाड्याची गाडी ठरवताना आधी फोनवरच विचारायचं की मागचे पट्टे वर आहेत का, आणि गाडी दारात आली की कव्हरखाली हात घालून बघायचं. चालक कंटाळतात. एक-दोघांनी गाडी परत नेलीय. १९९४ मध्ये आलेल्या जुन्या सुमोत मागे समोरासमोर आडवे बाक असायचे, तशी गाडी अजून कुणी लग्नाच्या वऱ्हाडाला ठरवत असेल तर एक लक्षात असू द्या : नियम पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटांपुरता होता, त्या बाकांना तो कधी लागूच झाला नाही. तिथे सामान ठेवा, पोरं नकोत.

परवा परभणीला जाताना आई मागे डाव्या बाजूला बसली. वय ब्याऐंशी. पट्टा लावल्यावर पहिल्यांदा कुरकुरली, मग जहीराबाद येईपर्यंत झोपून गेली. उठल्यावर म्हणाली, "मान लटकत नाही याच्यानं, बरंय की हे."

कुणाकडे मलकपेठ, सैदाबाद, काचीगुडा भागातल्या जुन्या गाड्यांचे फोटो असतील तर खाली टाका. विशेषतः गंजातल्या व्यापाऱ्यांकडच्या अँबेसेडरी, ज्यांत पुढच्या बाकावर चौघं बसलेले दिसतात. आणि ज्यांच्याकडे १९९४ च्या आधीची गाडी अजून चालू आहे त्यांनी पट्टे कुठून आणि कसे बसवून घेतले तेही लिहा. काकांच्या फियाटच्या खांबात नट बसवायला जागा आहे की नाही, हे आमच्या मेकॅनिकला अजून ठरवता आलेलं नाही.